अधिवास, भाषा आणि रोजगार : नागरिकत्वाच्या अलिखित अटींची चिकित्सा
(पालघर आणि बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत पालघर जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षापुढे जी रांग लागते, तिच्यातील बहुतेकांच्या हाती एक दाखला असतो किंवा तो मिळविण्यासाठी केलेल्या अर्जाची पावती तरी असते. या दाखल्याचे शासकीय नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' असे आहे. आपण सारे त्यास सवयीने 'डोमिसाईल' म्हणतो आणि त्यामुळे मूळ नावाकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः या नावात तीन भिन्न संकल्पना एकत्र बांधलेल्या आहेत. वय ही नोंदीची बाब, राष्ट्रीयत्व ही संघराज्याच्या कायद्याची बाब आणि अधिवास ही राज्याने आपल्या सोयीसाठी ठरविलेली बाब. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या एकाच कागदावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात असा समज दृढ होतो की, जो या राज्याचा रहिवासी तोच काय तो पुरता भारतीय. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करावयाची आहे. परदेशी व्यक्तीने नागरिकत्वासाठी अर्ज करताना भाषेची व वास्तव्याची जी पूर्तता करावी लागते, तिच्याशी आपल्याच देशातील स्थलांतरिताकडून अपेक्षिल्या जाणाऱ्या पूर्ततेची तुलना केल्यास काय दिसते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्याभोवतीचा आदिवासी मुलूख ही या प्रश्नाची तपासणी करण्यास योग्य भूमी आहे, असे वाटते.

कायद्यातील अट आणि व्यवहारातील अट

भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ६ नुसार परकीय व्यक्तीस देशीयकरणाने, म्हणजे रीतसर अर्ज करून, नागरिकत्व मिळू शकते. त्यासाठीच्या पात्रता तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य, चांगले चारित्र्य, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान, आणि पुढेही भारतातच राहण्याचा किंवा विहित सेवेत असण्याचा हेतू, या त्यांतील प्रमुख पात्रता होत. नोकरीची, उत्पन्नाची वा कामाच्या वर्षांची अट त्यांत नाही. भाषेची अटही सौम्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ११ मार्च २०२४ रोजी जे नियम अधिसूचित झाले, त्यांनुसार ठरावीक देशांतून आलेल्या ठरावीक धर्मांच्या अर्जदारांस वास्तव्याची अट अकरावरून पाच वर्षांवर आली, आणि भाषेबाबत अर्जदाराचे घोषणापत्र पुरेसे मानले गेले. ती भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता, यांपैकी काहीही येत असल्यास ज्ञान पुरेसे समजावे, असा त्याचा अर्थ आहे. कलम ६ चा परंतुकही येथे लक्षात घ्यावा. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी विशेष सेवा केलेल्या व्यक्तीस या अटींतून सूट देता येते. म्हणजे अट सैल होण्याचा मार्ग कायद्याने आधीपासून वरच्या टोकाला ठेवलेला आहे.

आता व्यवहाराकडे वळू. साठच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र शासनाने शासन निर्णयांच्या मालिकेद्वारे उद्योगांकडून अशी अपेक्षा केली आहे की, पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के आणि अन्य पदांवर ८० टक्के स्थानिक व्यक्ती असाव्यात. 'स्थानिक' कोण, तर राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. टॅक्सी-रिक्षाच्या परवान्यांबाबतही पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मराठीचे ज्ञान या दोन अटींची चर्चा वारंवार झाली आहे. जानेवारी २०१० मध्ये टॅक्सी परवान्यांसाठी मराठीची अट जाहीर झाली व गदारोळानंतर तिच्यात हिंदी-गुजरातीची सोय असल्याचा खुलासा करण्यात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये रिक्षा परवान्यांसाठी मराठीची सक्ती करणारे परिपत्रक निघाले आणि मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

या दोन चौकटी शेजारी ठेवल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. कायद्याने एखाद्या परकीयास भारताचा नागरिक होण्यासाठी एकूण बारा वर्षे लागतात. परंतु जन्माने भारतीय असलेल्या आझमगढच्या किंवा गंजामच्या मजुरास बोईसरमध्ये 'स्थानिक' होण्यासाठी मात्र पंधरा वर्षे लागतात. देशाच्या दारापेक्षा गावाचा उंबरठा उंच, असा हा प्रकार आहे. हे केवळ आकड्यांचे चातुर्य नव्हे. या दोन मुदतींच्या मागे नागरिकत्वाच्या दोन निरनिराळ्या कल्पना उभ्या आहेत आणि त्यांची एकमेकींशी कधी धड गाठच पडलेली नाही.

एकेरी नागरिकत्वाची भूमिका

संविधानाचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले होते की, भारताची राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी नागरिकत्व मात्र एकेरीच राहील. अमेरिकेतील घटक राज्यांना आपल्या रहिवाशांस विशेष हक्क देता येतात, तसे येथे होऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. अनुच्छेद १६ (२) मध्ये शासकीय सेवेबाबत केवळ निवासाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यास अपवाद करावयाचा तर अनुच्छेद १६ (३) नुसार तो अधिकार संसदेला आहे, विधिमंडळाला नाही. डॉ. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा, असे प्रतिपादन करून 'भूमिपुत्र' या दाव्याविषयी तीव्र नापसंती दर्शविली. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात तीच भूमिका पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांबाबत पुन्हा मांडली गेली. महाराष्ट्राशी थेट संबंधित असा चारू खुराना खटला (२०१४) तर अध्यापनात आवर्जून सांगावा असा आहे. चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट घातली होती. स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून नाकारणाऱ्या अटीबरोबर हीही अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. खासगी उद्योगांत ७५ टक्के स्थानिकांना नोकऱ्या देणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात २०१९-२० मध्ये असा कायदा करण्याची घोषणा झाली, परंतु तो झाला नाही.

न्यायालयीन बाजू एवढी स्पष्ट असताना प्रश्न उरतोच का, असे कोणी विचारील. तो उरतो, कारण न्यायालय ज्याला भेदभाव म्हणते त्याच्या मागे एक खरी वेदना आहे. मायरन वीनर यांनी 'सन्स ऑफ द सॉइल' (१९७८) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, ज्या प्रदेशात उद्योग येतात परंतु त्यांतील रोजगार स्थानिक समाजाच्या वाट्याला येत नाही, तेथे भूमिपुत्राची भाषा जन्म घेते. मेरी कॅट्झेनस्टाइन यांनी मुंबईबाबत जवळपास त्याच काळात असाच अभ्यास केला. मात्र हे अभ्यास प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाच्या, कारकुनी नोकऱ्यांच्या स्पर्धेविषयी आहेत. पालघरचा प्रश्न त्यांच्या चौकटीत पुरता बसत नाही, आणि येथेच मला माझ्या क्षेत्रातील प्रचलित मांडणीशी मतभेद नोंदवावासा वाटतो.

बोईसर-तारापूर : स्थानिक कोण?

तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तिसरा व चौथा संच, प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेचे, २००५-०६ मध्ये सुरू झाले आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. दरम्यान बोईसर स्थानकाच्या परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारत गेली. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा नाना उद्योगांसाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान येथून कामगार आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेच्या आकडेवारीनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी हे येथील आदिवासी समाज. किनाऱ्यावर मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ.

आता 'स्थानिक' या शब्दाची परीक्षा घेऊ. शासन निर्णयातील स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला. त्यामुळे सोलापूरहून, जळगावहून वा नांदेडहून बोईसरला आलेला पदविकाधारक पहिल्या दिवसापासून स्थानिक ठरतो आणि कारखान्याच्या कुंपणालगतच्या पाड्यावरचा वारली तरुणही स्थानिकच ठरतो. कागदावर दोघे समान. प्रत्यक्षात निवड होते ती पहिल्याची. मी येथे त्या पदविकाधारकाला दोष देत नाही. तोही दुष्काळी गावातून आलेला असतो. परंतु 'भूमिपुत्र' हा शब्द ज्याच्या भूमीच्या जिवावर उच्चारला जातो, त्यालाच त्या शब्दाचा लाभ होत नाही, हे सत्य आपण अभ्यासकांनी सौम्य करून सांगू नये.

यातील उपरोध येथेच संपत नाही. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर जातात. त्याला ती 'जगायला जाणे' म्हणतात. वसई, भिवंडी, कल्याण ही त्यांची ठिकाणे. म्हणजे ज्या जिल्ह्यात हजारो लोक दूरच्या राज्यांतून जगायला येतात, त्याच जिल्ह्यातून हजारो लोक जगायला बाहेर पडतात. दोन्ही प्रवाह एकाच लोहमार्गाने आणि एकाच महामार्गाने वाहतात आणि दोघांपैकी कोणाजवळही आपल्या कामाचा नेमणूक आदेश नसतो. वर्गात हा मुद्दा मांडला असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग परप्रांतीय नेमके कोण? आमचे आई-वडील सहा महिने भट्टीवर असतात, तेव्हा ते कुठले?" त्या प्रश्नाचे उत्तर मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही. टी. एच. मार्शल यांनी १९५० मध्ये नागरिकत्वाचे नागरी, राजकीय आणि सामाजिक असे तीन पदर सांगितले. त्यांपैकी पहिले दोन या मुलीच्या आई-वडिलांजवळ कागदोपत्री आहेत. तिसरा पदर, म्हणजे शिधा, शाळा आणि दवाखाना, हा मात्र वर्षातील सहा महिने गावात राहून जातो. शिधापत्रिकेची देशभर पोर्टेबिलिटी ऑगस्ट २०१९ मध्ये गुजरात-महाराष्ट्र व आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांपासून सुरू झाली आणि पुढे सर्वत्र लागू झाली, ही त्या मानाने खरी सुधारणा म्हणावी लागेल.

अनुसूचित क्षेत्राचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अधिकारानुसार राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढून तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका यांसारखी पदे पेसा क्षेत्रातील स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव केली. एप्रिल २०२० मध्ये चेब्रोलू लीला प्रसाद राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अशाच स्वरूपाचे, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले. त्यानंतर महाराष्ट्रातील पेसा भरतीही वादात सापडून रखडली आणि त्यावरून आदिवासी संघटनांना आंदोलने करावी लागली. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, या पदांसाठी स्थानिकत्वाची मागणी भाषेच्या आधारावरही समर्थनीय होती. पाड्यावरच्या पहिलीतील मुलाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारा शिक्षक ही चैन नव्हे. अनुच्छेद ३५० (क) ने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींची अपेक्षा केलेली आहे. बाहेरच्याला रोखण्यासाठी भाषेची अट आणि आतल्याला सेवा मिळावी म्हणून भाषेची अट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चर्चाविश्वात त्या सतत एकमेकींत मिसळल्या जातात.

कोणती मराठी?

भाषेच्या अटीचा विचार करताना आणखी एक अडचण समोर येते. आठव्या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. सिंधीचा समावेश १९६७ मध्ये झाला. त्यामुळे उल्हासनगरात येऊन राहिलेल्या पाकिस्तानी सिंधी कुटुंबास केवळ सिंधीच्या आधारे नागरिकत्वाची भाषिक पात्रता पूर्ण करता येते. मैथिली २००३ च्या दुरुस्तीने आली, ओडिया प्रथमपासून आहे. परंतु बोईसरच्या चाळींत जी भोजपुरी सर्वाधिक कानांवर पडते, ती या यादीत नाही. आणि जिच्यात या भूमीची लग्नगीते, निसर्गाची नावे आणि शिव्याशापही आहेत, ती वारलीही आपल्या स्वतंत्र नावाने यादीत नाही. ती मराठीची बोली म्हणून गणावी की स्वतंत्र भाषा, हा भाषाशास्त्रीय वाद क्षणभर बाजूस ठेवू. प्रश्न असा आहे की परवान्याच्या तोंडी परीक्षेत एखादा वारली किंवा मांगेला चालक आपल्या बोलीत बोलला, तर त्याला मराठी येते असे मानणार की येत नाही असे? अधिकाऱ्याच्या कानाला सवय असते ती प्रमाण मराठीची. त्यामुळे मराठीच्या रक्षणार्थ घातलेली अट मराठीच्याच कडेवरच्या भाषांना अडविण्याची शक्यता असते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद मलाही आहे. पण अभिजाततेचा उत्सव आणि बोलींचा संकोच एकाच वेळी होऊ शकतो, एवढे भान ठेवावे.

परदेशातील मराठी कुटुंबांचा अनुभव या ठिकाणी तुलनेसाठी उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये नागरिकत्वासाठी इंग्रजीचा बी-१ स्तर आणि २००५ पासून 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत बी-१ जर्मन, नागरिकत्व परीक्षा (२००८ पासून) आणि स्वतःच्या उत्पन्नावर उदरनिर्वाह करण्याची क्षमता, म्हणजे कामाची अट, या तिन्ही पूर्ण कराव्या लागतात. आपले अभियंते या अटींविषयी फारशी तक्रार करीत नाहीत. उलट त्या शिस्तीचे कौतुकच ऐकू येते. त्याच घरातील मंडळी बोईसरच्या रिक्षावाल्याकडून मराठीची अपेक्षा करतात, तेव्हा ती अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. येथे राहणाऱ्याने येथील भाषा शिकावी, यात गैर काहीच नाही. मात्र तुलना करावयाची तर ती पुरती करावी. जर्मनीने २००५ पासून भाषेचे शेकडो तासांचे अभ्यासवर्ग सरकारी साहाय्याने चालविले. जे राज्य भाषा मागते त्याने ती शिकविण्याचा भारही उचलावा, हे सूत्र त्यामागे आहे. आपल्याकडे अट आधी आली, शिकवणी मागून यावी अशी आशा होती आणि अखेरीस न्यायालयाने अटच रद्द केली. दुसरा फरक असा की, ब्रिटन-जर्मनीची अट परकीयास लागू होते. आपली अट आपल्याच नागरिकास, आणि तीही बहुधा रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, हमाल यांसच लागू होते. त्याच औद्योगिक वसाहतीतील सरव्यवस्थापकास मराठी येते का, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

कारखान्याच्या आतील भाषा

या विषयात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू ती सुरक्षिततेची. फॅक्टरी अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ ने कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगारांना देण्याची जबाबदारीही मालकावर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्या अधिनियमाची व १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचीही जागा घेतली आहे. कलम १०८ ची रचना पाहिली की, भाषेचे ओझे कोणाच्या खांद्यावर असावे याचे उत्तर कायद्याने आपल्या परीने दिले होते, हे लक्षात येते. ते ओझे मालकाचे, कामगाराचे नव्हे.

जानेवारी २०२० मध्ये तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. तो या परिसरातील पहिला अपघात नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही. अशा प्रत्येक अपघातानंतर रसायनांची चर्चा होते, परवान्यांची होते, नुकसानभरपाईची होते. रिअॅक्टरवर उभ्या असलेल्या कंत्राटी मजुराला तापमानाचा काटा कोणत्या भाषेत समजावून दिला होता, ही चर्चा होताना दिसत नाही. कंत्राटदार भोजपुरीत बोलतो, पर्यवेक्षक गुजराती किंवा मराठीत, फलक इंग्रजीत आणि शेजारच्या पाड्यावरून आलेला हेल्पर वारलीत विचार करतो. या चौघांमध्ये 'व्हॉल्व्ह बंद कर' हे वाक्य कसे प्रवास करते, यावर एखादा क्षेत्रीय अभ्यास आपल्या परिसरातील महाविद्यालयांनी हाती घ्यावयास हवा. भाषा विभाग, समाजशास्त्र विभाग आणि रसायनशास्त्र विभाग एकत्र बसल्याखेरीज तो होणार नाही. बहुविद्याशाखीय हा शब्द आपण मुखपृष्ठावर छापतो, त्याचा असा उपयोग व्हावा.

ऐंशी टक्क्यांचा शासन निर्णय या कंत्राटी व्यवस्थेपुढे जवळपास निष्प्रभ ठरतो. कारखान्याच्या हजेरीपटावर स्थानिकांचे प्रमाण योग्य दिसू शकते, परंतु प्रत्यक्ष उत्पादन, चढ-उतार आणि साफसफाई कंत्राटदाराच्या माणसांकडून होते. ती माणसे मोजणीत कोठे धरावयाची, हा प्रश्न कागदावर सुटला तरी फाटकावर सुटत नाही. स्थानिक तरुण कमी वेतनावर राबत नाही म्हणून बाहेरचा आणतो, असे व्यवस्थापनाकडून ऐकावयास मिळते. स्थानिक तरुण म्हणतो, बाहेरचा बारा तास राबतो म्हणून आम्हांला घेत नाहीत. दोघांच्या बोलण्यात 'बारा तास' ही वस्तुस्थिती समान आहे आणि वादाचा रोख मात्र 'बाहेरचा' या शब्दावर राहतो. भाषेचा आणि अधिवासाचा वाद ज्यांच्या पथ्यावर पडतो, ते या वादात सहसा बोलत नाहीत.

वाढवण बंदराच्या निमित्ताने हा सारा प्रश्न नव्याने उभा राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे भूमिपूजन झाले. लाखो रोजगारांची भाषा पुन्हा ऐकू येत आहे आणि स्थानिकांना प्राधान्याचे आश्वासनही. डहाणूच्या किनाऱ्यावरील मच्छीमार या आश्वासनाकडे संशयाने पाहतात, कारण अक्करपट्टी-पोफरणच्या विस्थापितांचे पुनर्वसन कसे रेंगाळले, हे त्यांनी शेजारून पाहिले आहे. त्यांना पंधरा वर्षांच्या दाखल्याची अडचण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो किनारा त्यांचाच आहे. त्यांची अडचण आहे ती क्रेनचालकाच्या, वेल्डरच्या, सर्वेक्षकाच्या प्रमाणपत्राची. बंदराच्या बांधकामासाठी कंत्राटदारांची माणसे जेव्हा बोईसर स्थानकावर उतरतील, तेव्हा त्यांच्या स्वागताला पुन्हा तोच प्रश्न उभा असेल की यांना मराठी येते का. किनाऱ्यावरच्या मुलामुलींसाठी त्या कामांचे प्रशिक्षणवर्ग त्याआधी कोठे, किती आणि कोणत्या भाषेत सुरू झाले, हे मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात आजच विचारता येईल. माझ्या विभागातील तृतीय वर्षाचे तीन विद्यार्थी तो अर्ज तयार करीत आहेत.